अक्काताई काय सांगत होत्या

"गोळी? अन् मी?" तातोबा चौगुले कॉटवर बसल्या बसल्या हसले. नाडी धावत होती एकशे अडुसष्टनं, कपाळावर घाम, तरी गडी हसतोय. "बाई, छप्पन्न वर्सांचा झालो. अजून एक गोळी ह्या नरड्याखाली उतरली न्हाई. इच्चारा हिला."

हिला म्हणजे त्यांच्या बायकोला, अक्काताईंना. त्या कॉटच्या पायथ्याशी उभ्या होत्या. पदर डोक्यावरून घेतलेला, दोन्ही हात कमरेच्या पानाच्या चंचीवर. मी काही त्यांना विचारलं नाही. अहो, धडधाकट शुद्धीवरचा माणूस स्वतःच्या तोंडानं सांगतोय, मग बायकोला कशाला विचारायचं? मी केसपेपरवर लिहिलं, 'चालू औषधे : नाहीत.' खाली सही ठोकली, करुणा आवळे, स्टाफ नर्स.

तेवीस वर्षं झाली त्याला. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. कोल्हापूरच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं बारा खाटांचं हॉस्पिटल. हृदयाचे पेशंट जास्त. डॉक्टर मगदूम एकटे सगळं बघायचे आणि त्यांचा माझ्यावर विश्वास होता. तो का होता, तर माझा हात हळू होता. नाडी आवरायचं जे इंजेक्शन असतं ना, मेटोप्रोलॉल, ते शिरेत घाईनं गेलं तर माणूस आडवा होतो. दोन मिनिटं घड्याळाकडं बघत थेंबाथेंबानं द्यायचं. मग पाच मिनिटं थांबायचं. नाडी बघायची, प्रेशर बघायचं, मशीनवरची रेघ बघायची. सगळं ठीक असेल तरच दुसरं. मग पुन्हा पाच मिनिटं, मग तिसरं. आणि पहिल्याच्याही आधी चार प्रश्न. दमा आहे का? धाप लागते का, पाय सुजतात का? नाडी कधी मंद झाली होती का? कुठली गोळी चालू आहे का? हे चार प्रश्न डॉक्टरांनी आमच्याकडून पाढ्यासारखे घोकून घेतले होते. एकालाही 'हो' आलं तर सुई भरायची नाही.

तातोबांनी चारही प्रश्नांना ठणकावून 'न्हाई' सांगितलं होतं.

ते गुळव्या होते. म्हणजे गुऱ्हाळावर रस उकळत असताना काहील कधी उतरवायची हे ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. पाच गावांत त्यांना मान. त्या दिवशी सकाळी न्याहारी करून गुऱ्हाळावर गेले आणि चुलवाणाच्या आगीपाशीच छाती धरून बसले. मुलगा उत्तम त्यांना जीपमध्ये घालून घेऊन आला, आई मागं बसली. अंगाला सगळ्या गुळाचा वास. आमचा अख्खा वॉर्ड गोड वासानं भरून गेला होता.

"आमचं औशिद म्हंजे काकवी," तातोबा मला सांगत होते. "रोज सकाळी वाटीभर काकवी अन् भाकरी. दोन वर्सं झाली, साधी सर्दी न्हाई. डाक्टर लोकांची पोटं आमच्यावर भरायची न्हाईत."

"मामा, बोलू नका आता. पडून राहा," मी म्हटलं. डॉक्टरांनी रेघ बघितली, प्रेशर बघितलं, एकशे सत्तर होतं. "दमा नाही, गोळी नाही. सिस्टर, मेटोप्रोलॉल सुरू करा. मी आतल्या खोलीतल्या पेशंटजवळ आहे, लागलं तर हाक मारा."

मी सुई भरायला वळले तशी कोपराला कुणीतरी हात लावला. अक्काताई.

"बाई, जरा भाईर येता का? एक सांगायचं हुतं."

"मावशी, आत्ता नाही. त्यांची नाडी बघा केवढी पळतेय. बाहेर बाकावर बसा."

त्या गेल्या. मी पहिलं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटं, एक सेकंद इकडं तिकडं नाही. पाच मिनिटं थांबले. नाडी एकशे पन्नासवर आली, प्रेशर एकशे पन्नास. तातोबा म्हणाले, "जरा बरं वाटतंय बघा." मला आपला अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू?

आणि नेमक्या त्याच पाच मिनिटांत पडदा सारून अक्काताई पुन्हा आत.

"बाई, दोनच शब्द. तुमच्या कानात."

आता मात्र मी चिडले. नातेवाइकांचं हे नेहमीचंच असतं असं मला वाटायचं. कुणी अंगारा लावायचा म्हणतं, कुणाला देवाचं पाणी पाजायचं असतं. "मावशी! एकदा सांगितलं ना? इथं काय जत्रा भरलीय?"

"अगं जा की भाईर," तातोबा कॉटवरून ओरडले. "मधी मधी काय लुडबूड लावलीस? कामं करू दे त्यास्नी."

अक्काताईंनी नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मी त्यांच्या खांद्याला धरून त्यांना दारापर्यंत नेलं आणि आतून कडी लावली. कडी लावली म्हणते मी. वॉर्डची कडी आम्ही दिवसा कधी लावायचो नाही.

मग दुसरं इंजेक्शन. तेही दोन मिनिटं, घड्याळ बघून, नियमानं.

सुई काढली आणि मशीनकडं बघितलं. एकशे दहा. वा, म्हटलं. मग ऐंशी. मग साठ. मी प्रेशरचा पट्टा फुगवेपर्यंत बेचाळीस. तातोबा काहीतरी बोलत होते काहिलीबद्दल, ते मधेच थांबले. डोळे उघडे, पण नजर कुठं नाही. ओठ राखेच्या रंगाचे. मशीन बोंब मारायला लागलं.

"डॉक्टर!"

डॉक्टर मगदूम आतल्या खोलीतून धावत आले. नाडी तीस. प्रेशर साठ, खालचं लागतच नव्हतं. "किती दिलंत?"

"दोनच. पाच-पाच मिलिग्रॅम. हळू दिलं, सर. शप्पथ."

"पाय वर करा. ॲट्रोपिन." मी ॲट्रोपिन दिलं. काही नाही. पुन्हा दिलं. तीसची चौतीस झाली आणि परत एकोणतीस. डॉक्टरांनी छातीवर पट्ट्या चिकटवून वरून धक्के देणारं मशीन ओढलं, दुसऱ्या सिस्टरला ॲड्रिनलिनची बाटली तयार करायला लावली. माझे हात चालत होते, पण माझं मलाच कळत नव्हतं मी काय करतेय ते. मिरजेला शिकल्यापासून अकरा वर्षं हे इंजेक्शन देत होते. माझ्या हातून कधी कुणाचा डोळा फिरला नव्हता. आणि हा माणूस पाच मिनिटांपूर्वी माझ्याशी गप्पा मारत होता हो!

"हे दोन इंजेक्शनांचं काम नव्हे," डॉक्टर माझ्याकडं न बघता म्हणाले. "ह्याच्या पोटात अजून काहीतरी आहे. सिस्टर, हा काय घेतो? नीट विचारलं होतंत ना?"

एकदम ते चंचीवर धरलेले दोन्ही हात डोळ्यांपुढं आले.

मी कडी काढून बाहेर धावले. बाकावर कोणी नाही. उत्तम पाण्याच्या टाकीपाशी उभा होता. अक्काताई पायऱ्यांवर, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पळत येताना बघून त्यांनी पदर तोंडात कोंबला. "गेलं का मालक?"

"आहेत! आहेत अजून. मावशी, काय सांगत होता? लवकर सांगा."

त्यांनी चंचीचा बंद सोडला. पानाच्या डब्याखालून एक चुरगळलेली पत्ती काढली. गोळ्यांची. दहाच्या पत्तीत चार उरलेल्या. वर नाव वाचलं, नाडी मंद करणाऱ्या गोळीचं. व्हेरापामिल.

"काकवीतनं देते," त्या घाईघाईनं बोलत होत्या. "दोन वर्सं झाली. कोल्लापूरच्या डाक्टरनं लिवून दिल्यात. मालकांनी पैली पत्ती चुलवाणात फेकली. म्हनाले, माज्या जेवनात कुनी औशिद घातलं तर त्या बाईच्या हातचं अन्न सोडीन. आयुष्यभर. बोललं की करत्यात ते, बाई. मग म्या वरवंट्यानं बारीक करून काकवीत कालवायला लागले. रोज एक. आज सकाळी छातीत धडधडतंय म्हनाले, म्हनून दोन घातल्या."

"कधी?"

"न्याहारीला. आठ वाजलं असतील."

आत्ता साडेनऊ होत होते. पत्ती तशीच मुठीत धरून मी आत पळाले. डॉक्टरांनी नाव वाचलं आणि त्यांच्या तोंडून फक्त "अरे देवा" निघालं. मग आवाज चढला. "कॅल्शियम काढा. कॅल्शियम! आतून त्या गोळ्यांनी लगाम खेचलाय आणि वरून आपण दुसरा खेचला."

कॅल्शियम हळू गेलं. ॲड्रिनलिन थेंबाथेंबानं सुरू झालं. मशीनचे धक्के चालूच. एकतीस. छत्तीस. पुन्हा तेहतीस. शेजारच्या कॉटवरच्या आजी जपमाळ ओढत होत्या, त्या थांबून मशीनकडं बघायला लागल्या. डॉक्टरांनी आणखी एकदा कॅल्शियम दिलं. चव्वेचाळीस. मग बावन्न. प्रेशर ऐंशी लागलं, मग नव्वद. साडेदहाला तातोबांनी मान हलवली आणि पाणी मागितलं. मी हातातला ट्रे खाली ठेवला आणि चमच्यानं त्यांचे ओठ ओले केले.

देवानं वाचवलं, म्हणायचं. पण खरी गोष्ट पुढंच आहे.

अकराला डॉक्टरांनी अक्काताईंना आणि उत्तमला आपल्या खोलीत बोलावलं. मी फाइल घेऊन शेजारी उभी. डॉक्टर रागावून नव्हते बोलत, दमलेले होते. "मावशी, गोळी दिलीत यात गुन्हा नाही. चोरून दिलीत, तेही समजू शकतो. पण इथं आल्यावर तरी सांगायचं! एक शब्द. तो एक शब्द आधी कळला असता तर मी हे इंजेक्शन हातातसुद्धा घेतलं नसतं. का नाही बोललात?"

आता ह्या म्हणणार, दोनदा गेले, बाईंनी हाकलून दिलं. आणि ते खरंच होतं. माझी नोकरी डोळ्यांपुढं नाचायला लागली. माझं नाव, माझा तो हळू हात. एवढ्या वर्षांत कमावलेलं सगळं.

अक्काताईंनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग खाली बघून म्हणाल्या, "चुकलं माजं. म्या कुनाला काय बोलले न्हाई."

मी ऐकत राहिले. फाइल छातीशी धरून, तोंड शिवल्यासारखी. डॉक्टरांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

उत्तमचा मात्र तोल गेला. "दोन वर्सं बापाच्या ताटात घालत हुतीस? अन् हितं तो मरायला टेकला तरी तोंड उघडलं न्हाईस? तू आई हायस का कोन हायस?" त्यानं खिशातला फोन काढला. "मामाला बोलावतो. तुला म्हायेरी घिऊन जाऊ दे. आबा घरी आल्यावर तू डोळ्यांम्होरं नको." पन्नाशीची बाई ती. नातवंडं खेळवायच्या वयाची. तिनं मुलाला उलट एक अक्षर काढलं नाही.

ती बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसली. मी वॉर्डात गेले, नाडी बघितली, प्रेशर लिहिलं, पुन्हा लिहिलं. किती थोर बाई, मनात म्हणत होते. माझी अब्रू राखण्यासाठी स्वतःवर घेतलं. माझे डोळे भरून आले होते, काय सांगू! अर्धा तास हेच चाललं होतं. मग राहवेना. कँटीनमधून चहा घेतला आणि पायऱ्यांवर तिच्याशेजारी जाऊन बसले.

"मावशी, चहा घ्या."

"नको, बाई."

"मावशी, तुम्ही खोटं का बोललात? मला वाचवलंत. तुमचे उपकार..."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी बोलायची थांबले. त्यांना खरंच काही कळत नव्हतं मी कशाचे उपकार म्हणतेय ते.

"वाचवलं?" त्या म्हणाल्या. "बाई, मालक आत हाईत. त्यांच्या हातात सुई टोचलेली हाय अन् ती तुमच्या ताब्यात हाय. आज तुमीच, उद्या बी तुमीच. तुमचं नाव मी सायबांस्नी सांगितलं अस्तं, तुमाला राग आला अस्ता, अन् मग?" आवाज एकदम खाली आला. "गरिबानं सुई ज्याच्या हातात हाय त्याला दुखवायचं नसतं."

मी चहाचा कप खाली ठेवला. तो कलंडला, पायरीवरून चहा ओघळत गेला, आणि मी नुसती बघत बसले. थोर बाई म्हणत होते मी तिला अर्धा तास! आणि ती बाई अर्धा तास हे धरून बसली होती, की मी रागावले तर तिच्या नवऱ्याला मारीन. मी. करुणा आवळे. जिचा हात हळू.

आणि तिला तसं वाटायला मी काय केलं होतं? तिच्या खांद्याला धरलं होतं आणि कडी लावली होती. तेवढं पुरलं होतं.

उठले. चालत वॉर्डात गेले. डॉक्टर तातोबांच्या कॉटपाशीच होते. उत्तम उशाशी बसलेला. तातोबांना उत्तमनं सगळं सांगून झालं होतं, ते त्यांच्या तोंडावरनंच दिसत होतं. आवाज बारीक झाला होता, पण ताठा गेला नव्हता.

"दोन वर्सं मला फशिवलं," ते छताकडं बघून म्हणत होते. "अन् मी पाच गावांत सांगत हिंडतोय, काकवी खा, काकवी खा. उत्तम, मामाला यीऊ दे. तिच्या हातचं पानी बी नको मला."

"सर," मी म्हटलं. "मावशी खोटं बोलल्या."

डॉक्टरांनी वळून बघितलं.

"त्या सांगायला आल्या होत्या. पहिल्या इंजेक्शनच्या आधी एकदा. दुसऱ्याच्या आधी एकदा. दोन्ही वेळा मी त्यांना बाहेर काढलं. दुसऱ्या वेळी कडी लावली. गोळ्यांचं त्यांना कुणी विचारलंच नाही. मीही नाही."

"दोनदा?" डॉक्टर म्हणाले.

"दोनदा, सर."

"आणि मघाशी माझ्या खोलीत गप्प का बसलात?"

"भ्याले," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. "नोकरी जाईल म्हणून भ्याले."

त्यांनी मला पंधरा दिवस घरी बसवलं, तो भाग वेगळा. बरोबरच केलं. त्या क्षणी मात्र उत्तमच बोलला. "मग आईनं तुमचं नाव का न्हाई घेतलं? दोष सोताच्या डोक्यावर का घितला?"

मी त्यांना पायऱ्यांवरचं सगळं सांगितलं. सुईचं. शब्द न् शब्द. उत्तमनं फोन खिशात घातला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

मशीनची टिकटिक चालली होती, चौसष्टवर. तातोबांनी मान वळवून थेट माझ्याकडं बघितलं. आता ते हसत नव्हते.

"म्हंजे बाई," ते म्हणाले, "सकाळी माजी बायकू तुमच्याजवळ आली तवा तिला माजं भ्या वाटत हुतं. अन् सायबांच्या खोलीत तुमचं."

मी मान हलवली.

"आपन दोघांनी मिळूनच मला मारलं हुतं की मग."

ते खोटं नव्हतं. त्यांनी सुई टोचलेला हात उचलायचा प्रयत्न केला, तो काही उचलेना.

"उत्तम, आईला आत बोलाव," ते म्हणाले.

उत्तम उठायच्या आत मी निघाले होते.